बाळाची वाढ मोजणारा संच: पट्टी, काटा, पाटी आणि तक्ता

ज्या वस्तीला दवाखाना लांब पडतो आणि घरात पैसा जेमतेम असतो, तिथे बाळ नीट वाढतंय का हे ठरवायला चार वस्तू हाताशी असतात: दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी, वजनकाटा, लांबी मोजायची पाटी आणि वाढीचा तक्ता. या वस्तू बहुधा एकत्र संच म्हणून येतात, म्हणून आढावाही एकत्रच घेतला आहे. चौघींना प्रश्न एकच लावला: बाळ मागे पडू लागलंय हे ही वस्तू किती लवकर दाखवते, आणि दाखवते ते खरं असतं का? टिकाऊपणा, हलकेपणा, सुबकपणा त्यानंतर.

निकाल आधीच सांगायचा तर, सगळ्यांत स्वस्त वस्तू म्हणजे पट्टी आपलं काम चोख करते, पण लोक तिच्याकडून तिचं नसलेलं कामही करून घेतात. सगळ्यांत जास्त चुका काट्यावर होतात. आणि खरेदीच्या वेळी ज्या कागदाकडे कोणी धड बघत नाही, त्या तक्त्यावाचून बाकीच्या तिन्ही वस्तू अर्धवट राहतात.

दंडघेर पट्टी

न ताणणाऱ्या प्लास्टिकची, एका टोकाला खाच आणि वाचायची खिडकी असलेली ही पट्टी 6 ते 59 महिन्यांच्या मुलांसाठी असते. घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, 115 ते 124 पिवळा, 125 पासून पुढे हिरवा. लाल म्हणजे तीव्र कुपोषण. अशा बाळाला त्याच दिवशी उपचाराकडे पाठवायचं, पुढच्या महिन्याची वाट बघायची नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2009 मध्ये लाल रंगाची सीमा 110 वरून 115 वर आणली. जुन्या साठ्यातली पट्टी हाती आली तर लाल रंग कुठे संपतो ते आधी बघा. 110 वर संपत असेल तर ती वापरातून काढा, कारण मधल्या पाच मिलिमीटरांतली मुलं ती पिवळी म्हणून सोडून देते.

माप घ्यायची रीत साधी आहे, पण घाईत तीच बिघडते. डावा दंड पूर्ण उघडा करायचा. बाही वर सरकवून चालत नाही, तिची गुंडाळी दंडाला आवळते. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या टोकाचं हाड आणि कोपराचं टोक बोटांनी शोधायचं, दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची. मग हात सरळ, सैल सोडायचा. पट्टी खुणेवर गुंडाळून खिडकीतला आकडा वाचायचा. पट्टी सगळीकडून कातडीला टेकली पाहिजे, पण कातडी दबता कामा नये, पट्टीच्या कडेला मांस फुगून आलं तर ती जास्त ओढली गेली आहे. सैल राहिली तर लाल बाळ पिवळं दिसतं, आवळली तर पिवळं बाळ लाल. रडणारं बाळ दंड आखडतं, तेव्हा त्याला आईच्या मांडीवर शांत होऊ द्यावं आणि माप दोनदा घ्यावं.

या पट्टीत सगळ्यांत मोठा दोष शिरतो तो छपाईत. साठा संपला की कोणीतरी संगणकावरून नवी पट्टी छापतं, आणि छपाईयंत्र कागदात बसवण्यासाठी ती गुपचूप दोन टक्के लहान करतं. 115 मिलिमीटरचे दोन टक्के म्हणजे 2.3 मिलिमीटर. अशा आखूड पट्टीवर सगळे आकडे जास्त येतात आणि खरोखर 113 घेराचं बाळ 115 दाखवून लाल रंगातून सुटतं. तपासणीला दोन मिनिटं पुरतात: बाहेरून बरोबर 40 मिलिमीटर व्यासाचा कडक नळीचा तुकडा घ्या. त्याचा घेर 125.7 मिलिमीटर भरतो. पट्टी त्यावर गुंडाळली की हिरव्या रंगाच्या अगदी सुरुवातीला, 125 आणि 126 च्या मध्ये बसली पाहिजे. तो तुकडा संचातच ठेवावा. पट्टी घडी घालून ठेवली की घडीच्या जागी फुगते, म्हणून ती गुंडाळी करून ठेवायची. खाचेची कड फाटली किंवा रंग पुसट झाला की टाकून द्यायची, चिकटपट्टी लावून वापरायची नाही.

आईच्या हातात पट्टी देण्याचा प्रयोग या साधनाचा सगळ्यांत चांगला उपयोग म्हणावा लागेल. नायजर देशातल्या अभ्यासांत आयांनी घेतलेली मापं आरोग्य कार्यकर्त्यांच्या मापांशी चांगली जुळली. घरच्या मापासाठी मध्यबिंदू नजरेने ठरवला तरी भागतं. आई दर आठवड्याला बघू शकते, कार्यकर्ती महिन्यातून एकदाच येते, आणि तीव्र कुपोषणात तीन आठवड्यांचा फरक फार मोठा असतो.

आता पट्टीला काय दिसत नाही ते. एक, दोन्ही पायांवरची सूज. अशा बाळाचा दंड हिरवा दाखवत असला तरी ते गंभीर आजारी असू शकतं. म्हणून प्रत्येक मापाबरोबर दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून धरायचं. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टीचा रंग विसरून पाठवायचं. दोन, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली काही मुलं. दंडाचा घेर आणि उंचीच्या मानाने वजन ही दोन मापं नेमकी तीच मुलं पकडत नाहीत. तीन, खुरटलेली वाढ, जिच्यात बाळ लांबीला मागे पडतं पण दंड भरलेला दिसतो. आणि चार, हळूहळू होणारी घसरण, जिच्याबद्दल तक्त्याच्या भागात सविस्तर लिहिलं आहे. हिरवा रंग म्हणजे बाळ ठणठणीत, असं आईला सांगू नये. हिरवा रंग इतकंच सांगतो की बाळ आज त्या धोक्याच्या रेषेखाली नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी रंग चालत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनात 6 आठवडे ते 6 महिने या वयात 110 मिलिमीटरपेक्षा कमी घेर हा धोक्याच्या खुणांपैकी एक धरला आहे. त्यासाठी मिलिमीटरचे आकडे असलेली पट्टी लागते, नुसत्या रंगांची चालत नाही. घ्यायचीच तर सरसकट आकड्यांची घ्या.

वजनकाटा

तीन प्रकार मिळतात. छताला किंवा तिकाटण्याला टांगायचा स्प्रिंगचा घड्याळी काटा, 25 किलोपर्यंत, प्रत्येक खूण 100 ग्रॅमची. आईसकट बाळ तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा, ज्यात आईचं वजन शून्य करून बाळाचं वेगळं दिसतं. आणि बाळाला झोपवायचा तबकडीचा काटा, 10 ग्रॅमच्या बारकाईचा.

खरेदीत बहुतेक जण इथेच चुकतात. आकडे पडद्यावर दिसतात म्हणजे काटा बारीक मोजतो, असा समज असतो. आई-बाळाचा इलेक्ट्रॉनिक काटाही बहुधा 100 ग्रॅमच्या टप्प्यांनीच वजन दाखवतो. टप्पा 100 ग्रॅमचा असला की एका वाचनात 50 ग्रॅमपर्यंतची चूक काट्यातच असते आणि दोन महिन्यांच्या वाचनांतल्या फरकात ती 100 ग्रॅमपर्यंत जाऊ शकते. आता बाळाची वाढ बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणांत मुलाचं मधलं वजन (निम्मी मुलं याहून जड, निम्मी हलकी) जन्मतः 3.3 किलो, एका महिन्याला 4.5, तीन महिन्यांना 6.4, सहा महिन्यांना 7.9, नऊ महिन्यांना 8.9 आणि वर्षाला 9.6. पहिल्या महिन्यात किलोभराहून जास्त वाढ होते, तिथे 100 ग्रॅमचा काटा खुशाल चालतो. नऊ ते बारा महिन्यांत मात्र महिन्याची वाढ जेमतेम 230 ग्रॅम. म्हणजे काट्यावर दोन खुणा, आणि त्यांतली एक नुसती काट्याची चूक असू शकते. त्यात बाळ नुकतंच पोटभर दूध प्यायलं असेल किंवा लंगोट ओला असेल तर आणखी शंभरेक ग्रॅम इकडेतिकडे.

याचा अर्थ मोठ्या बाळांना तोलू नये असा नाही. त्या वयात एका महिन्याच्या फरकावरून आईला शाबासकी किंवा बोल लावू नयेत, सलग तीन वाचनांची दिशा बघावी. सलग दोन महिने वजन जागच्या जागी असेल तर ती चूक नसते. वजन उतरलेलं दिसलं तर काट्याला दोष देण्याआधी बाळाला पुन्हा तोला, आणि तरीही उतरलेलंच आलं तर त्याच दिवशी कारण शोधा.

नवजात बाळासाठी 100 ग्रॅमच्या या दोन्ही काट्यांचा उपयोग नाही. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, ते 10 टक्क्यांहून जास्त उतरलं तर तपासणी लागते, आणि दोन आठवड्यांच्या आत बाळ जन्मवजनावर परत यायला हवं. अडीच किलोच्या बाळाचे 10 टक्के म्हणजे 250 ग्रॅम. हे 10 ग्रॅमच्या तबकडीच्या काट्यावरच कळतं. कमी वजनाची बाळं जास्त जन्मत असतील तिथे पाच वस्त्यांत मिळून एक तरी असा काटा फिरता ठेवावा.

टांगत्या काट्याची बाजूही ऐकायला हवी. त्याला बॅटरी लागत नाही, मातीच्या जमिनीची अडचण नाही, आणि बाळ वाढलं की काटा पुढे सरकताना आई स्वतः बघते, जे पडद्यावरच्या आकड्यात होत नाही. पण त्याची चड्डीसारखी झोळी मान न धरणाऱ्या बाळाला चालत नाही, त्याला झोपवायची कापडी झोळी वेगळी लागते. झोळी अडकवून मगच काटा शून्यावर आणायचा, नाहीतर झोळीचं वजन बाळाच्या नावावर जातं. काटा वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला टांगायचा, खालून बघितलं की खूण चुकते. बाळाचे पाय जमिनीला किंवा आईचा हात झोळीला लागलेला नसावा. बाळ हातपाय झाडत असेल तर काटा डोलतो, आणि डोलणाऱ्या काट्याचा अंदाजे मध्य धरून लिहिलेला आकडा तक्त्यावर नेण्याच्या लायकीचा नसतो. टांगण्याचा दोर आणि आकडा दर वेळी स्वतःच्या हाताने जोरात ओढून बघावा, बाळाखाली एक जण हात धरून असावा.

इलेक्ट्रॉनिक काट्याचा क्रम असा: कडक, सपाट जागा, माती असेल तर खाली जाड फळी. काटा सुरू करून शून्य येऊ द्यायचं. आईने मधोमध उभं राहायचं, तिचं वजन स्थिर झालं की शून्य करायची कळ दाबायची, सौर काट्यात त्याची खिडकी हाताने झाकायची. पडद्यावर शून्य आलं की आई न उतरता बाळ तिच्या हातात द्यायचं. दिसेल ते बाळाचं वजन. आई खाली उतरून बाळाला घेऊन पुन्हा चढली, किंवा शून्य एका बाईच्या वजनावर केलं आणि बाळ दुसरीच्या हातात आलं, तर आकडा निरर्थक ठरतो. रांग मोठी असली की नेमकं हेच घडतं. आणखी एक: आईच्या कमरेला धरून उभं असलेलं मोठं भावंड. त्याला बाजूला घ्या.

दोन्ही काट्यांची तपासणी आठवड्यातून एकदा. पाच लिटरचा घट्ट झाकणाचा कॅन पाण्याने भरून तपासलेल्या काट्यावर एकदा तोलून घ्या, वजन त्यावर पक्क्या शाईने लिहा आणि झाकण मेणाने बंद करा. काटा त्या वजनापासून 100 ग्रॅमहून जास्त ढळला तर बाजूला ठेवा. स्प्रिंग थकते आणि मग बाळ आहे त्याहून जड दिसतं, म्हणजे चूक नेमकी धोक्याच्या बाजूला होते. मोठ्या माणसाने गंमत म्हणून काट्याला लोंबकळणं हे स्प्रिंग थकण्याचं एक कारण आहे, तेव्हा काम झालं की काटा उतरवून ठेवावा.

लांबीची पाटी

दोन वर्षांच्या आतल्या बाळाला झोपवून मोजतात. उभं राहता येणाऱ्या मुलाला उभं करून मोजलं तर माप सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी येतं, तेवढं मिळवायचं. दोन माणसं लागतातच: एक डोकं स्थिर फळीला टेकवून, नजर सरळ वर राहील असं धरतो, दुसरा गुडघे हलकेच दाबून सरकती फळी दोन्ही टाचांना लावतो. एका माणसाने घेतलेलं माप घेऊच नये. एका पायाची टाच टेकवून वाचलेलं मापही नको.

गुंडाळता येणारी चटईसारखी पाटी दिसायला सोयीची, पण डोक्याकडची बाजू हलते आणि सेंटिमीटरभर चूक सहज होते. लाकडी पाटी जड, दमट हवेत फळी फुगून अडकते, तरीही तीच बरी. सरकती फळी हातात धरून हलवून बघा, दोन मिलिमीटरहून जास्त डुगडुगत असेल तर परत करा. नऊ ते बारा महिन्यांत मुलगा मध्यम मानाने महिन्याला सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणून दर महिन्याला लांबी मोजण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांतून एकदा, पण काळजीपूर्वक.

तक्ता

तक्ता जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या प्रमाणांवरचा आणि मुलगा-मुलगी वेगळा असावा. ही प्रमाणं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत 1997 ते 2003 या काळात मोजलेल्या सुमारे साडेआठ हजार मुलांवरून बनली. मुद्दाम अशी मुलं निवडली होती ज्यांना आईचं दूध मिळत होतं, ज्यांच्या आया धूम्रपान करत नव्हत्या आणि ज्यांच्या घरी वाढीला अडथळा करणारी गरिबी नव्हती. सहाही ठिकाणची मुलं लांबीला जवळपास सारखीच वाढली. म्हणून ‘आमच्याकडची मुलं मुळातच बारकी’ हे कारण पहिल्या दोन-चार वर्षांपुरतं टिकत नाही.

तक्त्याचा खरा उपयोग एका उदाहरणात दिसतो. एक मुलगी चार महिन्यांची असताना 6.4 किलो, अगदी मधल्या रेषेवर. नऊ महिन्यांना 6.9 किलो. धोक्याची रेषा, म्हणजे तक्त्यावरची उणे दोन (मधल्या रेषेच्या दोन प्रमाण-विचलन खाली), त्या वयाला 6.5 किलोवर आहे, तेव्हा नोंदवहीत ती ‘सामान्य’ गटात जाईल. पट्टीवर हिरवी येण्याचीही पुरेपूर शक्यता. पण मधल्या रेषेवरची मुलगी या पाच महिन्यांत 1.8 किलो वाढते, ही अर्धाच किलो वाढली आहे. पूरक आहार सुरू होण्याच्या वयात काहीतरी बिनसलं आहे आणि ते फक्त बिंदू जोडणाऱ्या रेषेत दिसतं. ज्या कार्यक्रमात केवळ आकडा वहीत उतरवतात आणि रेषा ओढत नाहीत, तिथे ही मुलगी लाल रंगात येईपर्यंत कोणाच्या नजरेला पडत नाही.

चुका बहुतेक वयाच्या. पूर्ण झालेले महिने धरायचे, चालू महिना नाही. तीन महिन्यांच्या मुलाला चार महिन्यांचा धरलं की मधली रेषाच 6.4 वरून 7.0 वर जाते आणि निरोगी बाळ मागे पडलेलं दिसतं. जन्मतारीख पहिल्याच भेटीत कागद बघून लिहा, कागद नसेल तर आसपासच्या ठळक घटनांच्या आधाराने आईला आठवायला मदत करा, आणि मग दर वेळी तीच तारीख वापरा. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय तेवढे आठवडे वजा करून धरायचं.

काही तक्त्यांवर डबाबंद दुधाच्या कंपनीचं चिन्ह किंवा बाटलीचं चित्र असतं. ते फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीबाबतच्या 1981 च्या आंतरराष्ट्रीय संहितेला अशी जाहिरात मान्य नाही, आणि जिथे पाणी स्वच्छ नाही व डबा पुरवून वापरावा लागतो, तिथे बाटली बाळाला जुलाब आणि पातळ दूध या दोन्ही मार्गांनी खाली ओढते.

चांगल्या तक्त्याच्या मागच्या बाजूला विकासाचे टप्पेही असतात, आणि ते एका तारखेऐवजी काळाच्या पट्ट्यात दिलेले असावेत. आधाराशिवाय बसणं 3.8 ते 9.2 महिने, एकट्याने चालणं 8.2 ते 17.6 महिने, इतका मोठा फरक निरोगी मुलांत असतो. ‘बारा महिन्यांना चालतं’ असा एकच आकडा छापलेला तक्ता उगाच घाबरवतो. पट्टा उलटून गेला, किंवा बाळ आवाजाकडे वळत नाही, चेहऱ्याकडे बघत नाही, तर मात्र पाठवायचं.

संचात एक गोष्ट येत नाही: मोजल्यानंतरची दहा मिनिटं. रेषा आडवी झाली की आईला आधी विचारायचं, सांगायचं नंतर. गेल्या महिन्यात जुलाब, ताप, खोकला झाला होता का? सहा महिन्यांच्या आत असेल तर दुधाशिवाय पाणी किंवा काही वरचं दिलं का, रात्री पाजते का, बाळ एक बाजू पूर्ण पिऊन सोडतं का? सहा महिन्यांनंतर दिवसातून किती वेळा, किती घट्ट, कोण भरवतं? सहा ते आठ महिन्यांत आईच्या दुधाशिवाय दिवसाला सुमारे 200 कॅलरी आणि दोन-तीन वेळा खाणं लागतं, नऊ ते अकरा महिन्यांत 300 कॅलरी आणि तीन-चार वेळा. पातळ पाण्यासारखं अन्न बाळाचं छोटं पोट भरून टाकतं पण ऊर्जा देत नाही, चमचा तिरपा केला तरी चटकन ओघळणार नाही इतकं ते घट्ट हवं, आणि त्यात थोडं तेल किंवा तूप. जुलाबात क्षारसंजीवनी आणि जस्त: सहा महिन्यांपुढे रोज 20 मिलिग्रॅम, आत 10, असं 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी. आईला एका भेटीत एकच बदल सांगावा, आणि तो तिच्या घरात जमेल असा.

उपचाराच्या तयार खाद्याची पाकिटं, 92 ग्रॅमची, प्रत्येकी सुमारे 500 कॅलरींची, ही तीव्र कुपोषित मुलांसाठी आहेत, वजनाप्रमाणे मोजून द्यायची. सहा महिन्यांच्या आत द्यायची नाहीत. सोबत पिण्याचं पाणी लागतं. पिवळ्या रंगातल्या किंवा ‘जरा बारीक’ वाटणाऱ्या बाळाला ती वाटून टाकली की लाल बाळाच्या वाट्याला कमी पडतात.

पैसा मोजका असेल तर खरेदीचा क्रम असा ठेवावा: आधी प्रत्येक बाळामागे एक तक्ता आणि दोन जादा, मग आकड्यांच्या पट्ट्या प्रत्येक घरी एक, मग एक चांगला काटा आणि त्याचा तपासणीचा कॅन, पाटी शेवटी. संच आला की वाटण्याआधी एका टेबलावर सगळ्या पट्ट्या 40 मिलिमीटरच्या नळीवर लावून बघा, काट्यावर कॅन तीनदा ठेवून तिन्ही आकडे लिहा, आणि दोन कार्यकर्त्यांना एकमेकींचे आकडे न बघता त्याच दहा बाळांचं माप घ्यायला लावा. दंडघेरात पाच मिलिमीटरहून जास्त फरक पडला, तर तो हातांचा आहे. त्या दोघींना पुन्हा खांद्याचं हाड शोधण्यापासून शिकवायला घ्या.